रिठा, वाळा आणि बिवा सरोवर
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा माझा विषय अगदी घरगुती आहे. मोरीतला आणि स्वयंपाकघरातला म्हणा ना! भांडी कशानं घासावी, कपडे कशानं धुवावे, उन्हाळ्यात घर कसं गार ठेवावं आणि बाजारातून सामान कशात आणावं, एवढंच मला बोलायचं आहे. विषय लहान आहे, पण तो शेवटी आपल्या बोअरवेलच्या पाण्यापर्यंत आणि गडचिरोलीच्या बांबूपर्यंत जातो. तो कसा, ते सांगते.

मी नागपूरच्या दक्षिणेला, बेसा इथे राहते. आम्ही इथे प्लॉट घेतला तेव्हा कुंपणापलीकडे तुरीचं शेत होतं आणि रात्री बेडकांचा आवाज यायचा. तेव्हा ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगर पंचायत आहे. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. शाळेत मी विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर तीन महिने जपानमध्ये राहण्याचा योग आला, कारण मुलगी आणि जावई तेव्हा तिथल्या शिगा प्रांतात, ओत्सु या शहरात राहत होते. क्योतोला लागूनच हे शहर आहे आणि ते बिवा नावाच्या सरोवराच्या काठावर वसलेलं आहे. बिवा हे जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. क्योतो, ओसाका या बाजूच्या जवळजवळ दीड कोटी लोकांच्या घरात त्याचं पाणी जातं.

जपान म्हटलं की आपल्याला वेगवान गाड्या आणि यंत्रमानव आठवतात. मला मात्र तिथे जास्त आठवण झाली ती माझ्या आजीच्या वाड्याची. शेजारी एक वृद्ध बाई राहत. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. त्यांच्या न्हाणीघरात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी टांगलेली होती. आपण ज्याला कुणी घोसाळं, कुणी गिलकं म्हणतो, त्याला तिथे ‘हेचिमा’ म्हणतात. फळ वेलीवरच जून होऊ दिलं, की आत धाग्यांची जाळी तयार होते. ती अंग घासायला आणि भांडी घासायला वापरतात. वेल कापून तिच्या देठातून ठिबकणारं पाणी बाटलीत धरायचं आणि ते चेहऱ्याला लावायचं, अशीही तिथली जुनी रीत आहे. आपल्या परसात गिलक्याचा वेल असतो. पण जून झालेलं फळ आपण कचऱ्यात टाकतो आणि भांड्यांसाठी प्लास्टिकची घासणी विकत आणतो!

आजींच्या भांड्यांच्या कपाटात तांदळाच्या कोंड्याचा डबा होता. कोंड्याला ते ‘नुका’ म्हणतात. पूर्वी बायका हा कोंडा लहान कापडी पिशवीत भरून त्यानं अंग धूत. लाकडी जमीन त्याच पिशवीनं पुसली, की कोंड्यातल्या तेलानं लाकडाला चकाकी येते. बांबूचे कोंब उकडताना त्यांचा उग्रपणा जावा म्हणून पाण्यात कोंडा टाकतात. आणि मीठ घालून आंबवलेल्या कोंड्यात काकडी, वांगी, मुळा पुरून लोणचं करतात. एका कोंड्याचे किती उपयोग! आपल्या भंडारा-गोंदियाकडे भात पिकतो. पण कोंडा गिरणीतून गुरांना जातो, नाहीतर तेलाच्या कारखान्यात. घरात त्याचा उपयोग असतो हे आपल्या लक्षातही नाही.

आणि रिठा! याची गंमत तर सांगितलीच पाहिजे. जपानमध्ये देवळांच्या आवारात एक झाड असतं, त्याला ‘मुकुरोजी’ म्हणतात. त्याच्या फळाच्या सालीचा पाण्यात फेस होतो. साबण सर्रास मिळायच्या आधी तिथे कपडे त्यानंच धूत. हा मुकुरोजी म्हणजे आपला रिठाच. उत्तर भारतात जो रिठा होतो, त्याचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस मुकोरोसी’. म्हणजे आपल्या रिठ्याला शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव मुळात जपानी आहे! महाराष्ट्रात होतो तो त्याचा दक्षिणेतला भाऊ, जात थोडी वेगळी. त्यातलं काळं कुळकुळीत बी आपल्याकडे मुलं खेळायला घेत. तिथे त्याच बियांना पिसं लावून नव्या वर्षाच्या दिवसांत मुली लाकडी फळीनं ते उडवण्याचा खेळ खेळत.

राखेचंही तसंच. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते तेलकटपणाला धरतात आणि त्याला पाण्याबरोबर सोडून देतात. आपल्या आयाबायांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण राखेनं कढई निघते हे माहीत होतं. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, घरोघरी फिरून राख विकत घेणारे लोक होते. ती राख रंगाऱ्यांकडे जाई, शेतात जाई. तिथे राखेलाही किंमत होती.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की बाई आता जुनं ते सोनं म्हणणार. तसं नाही. तीन महिन्यांत मी जी गोष्ट शिकून आले, ती या वस्तूंबद्दलची नव्हती. ती बिवा सरोवराची होती.

१९७७ सालच्या मे महिन्यात बिवाचं पाणी तांबूस-तपकिरी झालं आणि त्याला मासळीसारखी घाण येऊ लागली. सूक्ष्म शैवाल माजलं होतं. कारण शोधलं तेव्हा त्यात एक मोठं कारण निघालं ते घरोघरच्या कपडे धुण्याच्या पावडरीचं. त्या काळच्या पावडरीत फॉस्फेट घालत. फॉस्फेटमुळे पाणी मऊ होतं आणि मळ लवकर निघतो. पण तेच फॉस्फेट सांडपाण्यातून तलावात गेलं, की शैवालाचं खत होतं. शैवाल माजतं, मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मग मासे तडफडतात. ज्या पाण्यात आपण कपडे धुतो त्याचाच दोष तलावाला लागतो आणि तेच पाणी नळानं परत प्यायला येतं, हे तिथल्या गृहिणींच्या लक्षात आलं.

त्या बायका मंत्र्यांची वाट पाहत बसल्या नाहीत. वापरलेलं, तळणाचं तेल त्यांनी घरोघरून गोळा केलं, त्याचा साबण करून घेतला आणि पावडर सोडून तो साबण वापरायचा, असा प्रचार गल्लीगल्लीतून केला. ही चळवळ ‘साबण चळवळ’ म्हणूनच ओळखली जाते. तिचा जोर इतका वाढला, की १९७९ मध्ये शिगा प्रांतानं कायदा केला आणि १ जुलै १९८० पासून फॉस्फेट असलेल्या घरगुती डिटर्जंटच्या विक्रीवर आणि वापरावर त्या प्रांतात बंदी आली. आजही १ जुलै हा तिथे ‘बिवा सरोवर दिन’ म्हणून पाळतात. शेजारच्या आजी तेव्हा तरुण होत्या. तेलाचे डबे सायकलवरून त्यांनीही नेले होते. “हाताला वास यायचा, पण गप्पा छान व्हायच्या,” एवढंच त्या हसून म्हणाल्या.

पुढे काय झालं तेही ऐका. कंपन्यांनी फॉस्फेटशिवायची पावडर काढली आणि बऱ्याच बायका साबण सोडून परत पावडरीकडे वळल्या. म्हणजे चळवळ हरली का? मला तसं वाटत नाही. बायकांच्या मोरीतल्या निर्णयामुळे मोठ्या कारखान्यांना आपली कृती बदलावी लागली. तेलाचे डबे गोळा करण्याची सवयही मोडली नाही. १९९८ मध्ये त्याच भागात आइतो नावाच्या गावी लोकांनी पडीक भातखाचरांत मोहरीच्या जातीचं पीक लावलं. त्याचं तेल खायला, पेंड शेताला आणि तळून उरलेलं तेल शुद्ध करून गाड्यांच्या इंजिनाला, अशी साखळी त्यांनी बांधली.

आता बेसाला येऊ या.

आमच्या ले-आउटमध्ये बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहे आणि पाणी बोअरवेलचं. प्लॉट लहान. एका कोपऱ्यात टँक, दुसऱ्या कोपऱ्यात बोअर, दोन्हींमध्ये पंचवीस-तीस फूट अंतर. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात जातं. म्हणजे बिवाच्या काठच्या बायकांना जे तलाव पाहून कळलं, ते आपल्याकडे दिसतच नाही, कारण आपला तलाव जमिनीखाली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच ओळीतल्या एका घरी बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. तपासून घेतलं तेव्हा त्यात सांडपाण्याचा अंश निघाला. तेव्हापासून मी वर्गातल्या मुलांना सांगत असे तेच आता शेजारणींना सांगते : आपल्या घरातून बाहेर जाणारं पाणी ‘बाहेर’ कुठेच जात नाही.

ज्यांच्याकडे गटार आहे त्यांनाही हे लागू आहे. नागपूरची नाग नदी पूर्वेकडे जाऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचं धरण आहे. आपण महालात किंवा धंतोलीत ओतलेला फेस पवनीच्या शेतकऱ्याच्या आणि भोई-ढिवरांच्या दारी जातो. अंबाझरीत जलपर्णी माजल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. जलपर्णीला जे खत लागतं, त्यातलं बरंचसं घरच्या सांडपाण्यातूनच मिळतं.

सेप्टिक टँकबद्दल आणखी एक गोष्ट. टँकमधली घाण जंतू खातात, म्हणून टँक चालतो. आपण संडासात रोज अ‍ॅसिड, फिनाईल, ब्लीचिंग ओतलं, की घाण वास जातो, पण ते जंतूही मरतात आणि टँक लवकर भरतो. मग टँकर बोलवायचा, पैसे मोजायचे आणि तो मैला कुठे ओतला जातो ते विचारायचं नाही! रोजच्या सफाईला ब्रश आणि पाणी पुरतं. अ‍ॅसिड लागलंच तर क्वचित.

मग आपणही जपानी बायकांसारखा तेलाचा साबण करावा का? इथे विज्ञानाच्या बाईला थोडं बोलू द्या. जपानचं पाणी मऊ आहे. त्यात साधा साबण छान फेसाळतो. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचं जमत नाही, दह्यासारखे कण होतात, कपडा पांढुरका पडतो आणि साबण दुप्पट लागतो. म्हणून तर आपल्याकडे डिटर्जंट एवढे रुजले. रिठ्याचा फेस मात्र जड पाण्यातही होतो, कारण त्यातलं सॅपोनिन कॅल्शियमशी असा साका धरत नाही. म्हणजे तिथल्या पाण्याला साबण बरा, इथल्या पाण्याला रिठा बरा. दुसऱ्याकडून घ्यायची असते ती विचार करण्याची रीत. वस्तू मात्र आपल्या पाण्याला, हवेला पाहून निवडावी.

रिठ्याची कृती सोपी आहे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, रात्रभर भिजवायचे, सकाळी एक उकळी आणून गाळून घ्यायचे. रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर, पैठणी यांना यासारखं दुसरं नाही. सोनारही दागिने रिठ्यानंच उजळत आलेत. रोजच्या कपड्यांना मात्र, विशेषतः शाळेच्या पांढऱ्या गणवेषाला, एकटा रिठा पुरत नाही हे मी करून पाहून सांगते. तिथे पावडर वापरा, पण पाकिटावरचा मजकूर वाचून फॉस्फेट नसलेली घ्या आणि मूठभर टाकण्याऐवजी चमचा मोजून टाका. रिठ्याचं पाणी चार दिवसांत आंबतं, म्हणून एकदम बादलीभर करू नये. डोळ्यांत गेलं तर झोंबतं, म्हणून मुलांना जपावं.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. रिठ्यासारख्या फेस देणाऱ्या वनस्पतींचा लगदा डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत अनेक देशांत होती. सॅपोनिन माशांना बाधतं. मातीत ते लवकर विघटित होतं, म्हणून झाडांच्या आळ्यात हे पाणी चालेल, पण नदी-तलावावर बसून रिठ्यानं कपडे धुऊ नयेत.

पाण्याकडून आता उन्हाकडे वळू. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात आपल्याला आधार कूलरचा. कूलरला आपण ताट्या लावतो. पूर्वी त्या वाळ्याच्या असत आणि त्याआधी कूलर नव्हते तेव्हा खिडकीदारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळं. वाऱ्यानं मुळांवरचं पाणी सुकतं, सुकताना उष्णता ओढून घेतं आणि आत गार हवा येते. माठाचंही हेच तत्त्व. हवा जितकी कोरडी तितकं हे चांगलं चालतं, म्हणून विदर्भात कूलर राजा आणि मुंबईत त्याला कुणी विचारत नाही.

जपानचा उन्हाळा दमट. तिथे ते काय करतात? खिडकीबाहेर बोरूसारख्या वेताच्या किंवा बांबूच्या काड्यांचे पडदे सोडतात. ऊन भिंतीवर पडूच द्यायचं नाही, ही युक्ती. आणि संध्याकाळी अंगणात, रस्त्यावर पाणी शिंपडतात. त्याला ‘उचिमिझु’ म्हणतात. मला तर आपला सडाच आठवला. फक्त शेण नाही! आंघोळीचं उरलेलं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी त्यासाठी वापरावं, असा तिथे आग्रह असतो.

आपल्याकडे उलट झालं आहे. वाळ्याच्या ताट्या महाग म्हणून लाकडाच्या भुशाच्या आल्या, आता कागदी जाळीच्या आल्या आणि ज्यांना परवडतं त्यांनी एसी लावला. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, ती शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. माझं म्हणणं एवढंच, की ऊन आत येण्याआधी अडवावं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा तट्टा लावा. आतल्या पडद्यापेक्षा तो जास्त काम करतो, कारण आतला पडदा तापला की ती उष्णता खोलीतच राहते. गच्चीला चुना द्या. आणि कूलरची टाकी रोज बदलताना जुनं पाणी झाडांना घाला. बेसासारख्या टँकरच्या वस्तीत तेवढं पाणीही लहान नाही.

या काड्यांच्या पडद्यांवरून बिवा सरोवराची आणखी एक गोष्ट आठवली. सरोवराच्या काठी ओमीहाचिमान नावाचं गाव आहे. तिथे बोरूसारख्या वेतांची बनं आहेत. हे वेत पाण्यातला गाळ आणि क्षार धरून ठेवतात, पाखरांना आणि माशांना आसरा देतात. दर हिवाळ्यात लोक ते कापतात आणि त्यांचे पडदे, छपरं करतात. कापल्यामुळे वसंतात नवे, जोमदार कोंब येतात. पण पडदे घेणारे कमी झाले, तसे कापणारेही कमी झाले आणि न कापलेली बनं आजारी पडू लागली. १९९२ मध्ये शिगा प्रांताला या बनांच्या रक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे वस्तू वापरली तर रान टिकतं, असंही असतं!

अगदी हीच गोष्ट आपल्या बांबूची आहे. बांबूच्या बेटातले जून बांबू नीट काढले, तर बेट वाढतं. नाही काढले तर दाटी होऊन ते खुंटतं. आपले बुरड भाऊ पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. सूप, टोपली, दुरडी, परडी, डालं, तट्टा. लग्नात सुपाशिवाय आपलं पान हलत नाही. पण इतर दिवशी? सूप प्लास्टिकचं, टोपली प्लास्टिकची, कचऱ्याचा डबा प्लास्टिकचा. इतवारीत बांबूचं सामान घेताना मी एका बुरडभाऊंना विचारलं, मुलगा काय करतो? ते म्हणाले, “कुरिअरमध्ये आहे जी. या कामात हात कापते अन्‌ पोट भरत नाही.” याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दोन टोपल्या जास्त घेतल्या, पण ते काही उत्तर नव्हे.

उत्तराचे काही धागे मात्र विदर्भातच आहेत. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू तरुणांच्या हाताला बांबूची कला दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलातल्या बांबूवर हक्क सांगितला. वनखातं बांबूला लाकूड मानत होतं, गाव म्हणत होतं की हे वनोपज. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. २०१७ मध्ये भारतीय वन कायदाच दुरुस्त झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. वनस्पतिशास्त्र तर आधीपासून त्याला गवतच म्हणत होतं! कायद्याचा अडसर गेला, आता अडसर आहे तो आपल्या पिशवीचा. घेणारेच नसतील तर हक्क मिळून गावानं काय करायचं?

हा विचार नवा नाही. आमच्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर वर्धा आहे. तिथे गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. वस्तू विकत घेताना ती कोणी, कशी, कोणत्या हालांत केली, त्याची जबाबदारीही घेणाऱ्यावर येते, असं कुमारप्पा मांडत. सेवाग्रामच्या बापूकुटीत जाऊन पाहा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, चटई. सगळं आसपासचं, सगळं मातीत मिसळणारं. आणि जपानचा धागा तिथेही आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि पुढे त्यांच्या परंपरेचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. त्यांच्या संघाचा विश्वशांती स्तूप १९९३ पासून वर्ध्यात उभा आहे.

आता थोडं कडू बोलते. जपानची घरं पाहून भारावून जाऊ नये. तिथल्या दुकानात एकेक बिस्किट वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. माणशी प्लास्टिकच्या वेष्टनांचा कचरा करण्यात अमेरिकेनंतर जपानचा क्रमांक, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०१८ मध्ये सांगितलं. प्लास्टिकच्या पिशवीला पैसे घेणं तिथे सक्तीचं झालं ते १ जुलै २०२० पासून. आपल्या महाराष्ट्रात तर २०१८ मध्येच प्लास्टिकबंदी आली होती. बंदी आली आणि भाजीवाल्याकडची पिशवी काही गेली नाही, हा भाग वेगळा! तिथे चौकोनी कापडात सामान बांधून नेण्याची जुनी कला आहे, ‘फुरोशिकी’. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा पुन्हा प्रचार केला. पण आपलं गाठोडं, बोचकं याहून काय वेगळं आहे? फरक एवढाच, की त्यांनी ते मिरवलं आणि आपण ते गावंढळ ठरवलं.

दुसरी कडू गोष्ट घरातल्या बाईची. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना त्या वापरत कोण होतं, हे विसरू नये. राखेनं कढया घासून भेगाळलेले हात बाईचे. चुलीच्या धुरानं गेलेले डोळे बाईचे. पहाटे सडा घालणारी, चार खेपा पाणी आणणारी बाईच. गॅस आला, चूल गेली आणि राख मिळेनाशी झाली, याचं मला दुःख नाही. राखेसाठी कुणी चूल पेटवू नये. घर पर्यावरणाला धार्जिणं करायचं आणि त्याचा भार पुन्हा सूनबाईच्या किंवा कामवाल्या ताईच्या पाठीवर टाकायचा, तर ते मला मान्य नाही. गिलक्याची घासणी घरात आणली तर तिनं भांडी घासायला घरातल्या पुरुषानंही हात लावावा. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तेव्हा त्यांना कमीपणा वाटला नाही. आपण तर त्यांच्याच मुलखातले.

तर मग करायचं काय? मी आमच्या ले-आउटमधल्या बायकांपुढे चारच गोष्टी ठेवल्या आणि त्या जमल्या, म्हणून तुम्हाला सांगते. पहिली, प्रत्येक घरी एक गिलक्याचा वेल. भाजी होते, उरलेल्या चार फळांत वर्षभराच्या घासण्या होतात. दुसरी, गणपतीच्या महाप्रसादाला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. थर्माकोलपेक्षा थोडे जास्त पैसे पडले, वर्गणीत दहा-दहा रुपये वाढवले. उष्ट्या पत्रावळी कंपोस्टच्या खड्ड्यात गेल्या आणि पावसाळा संपेपर्यंत माती झाल्या. तिसरी, तळणाचं तेल मोरीत ओतायचं नाही. ते थंड झालं की थिजतं, पाइप तुंबतो आणि टँकवर साय धरते. बाटलीत साठवायचं. आमच्यातली एक उत्साही मुलगी त्याचा साबण करते. तो हातपाय धुवायला नाही, फरशी आणि पायपुसणी धुवायला. साबण करताना कॉस्टिक सोडा लागतो, तो कातडी जाळतो, म्हणून हे काम हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून, माहितगारानंच करावं. चौथी, संडासातलं रोजचं अ‍ॅसिड बंद.

पाचवी गोष्ट अजून जमलेली नाही, ती तुमच्यापुढे ठेवते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, सगळ्यांनी मिळून बोअरचं पाणी तपासून घ्यायचं आणि निकाल फलकावर लावायचा. याला विरोध होतो. “प्लॉटची किंमत पडेल ताई,” असं म्हणतात. बिवाचं पाणी तांबडं झालं तेव्हा ते सगळ्यांना दिसलं, लपवता आलं नाही, म्हणून त्या बायका एकत्र आल्या. आपलं पाणी काळोखात आहे. ते बिघडलं तर आधी दिसणार नाही, आधी घरातलं लहान मूल आजारी पडेल. प्लॉटची किंमत मोठी की पाण्याची, हे प्रत्येक घरानं एकदा बसून ठरवावं.

जपानी भाषेत ‘मोत्ताइनाई’ असा एक शब्द आहे. चांगली वस्तू वाया जाताना मनाला जी चुटपुट लागते, ती. केनियाच्या वांगारी माथाई यांना २००४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. दुसऱ्या वर्षी त्या जपानला गेल्या, त्यांनी हा शब्द ऐकला आणि जगभर सांगितला. आपल्याकडे तेवढा नेमका शब्द नाही, पण चुटपुट आहे. अन्न पानात टाकलं की आजी रागवायची, फाटलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, केरसुणीला पाय लागला की आपण नमस्कार करायचो. ती चुटपुट अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या परसात एखादं गिलकं जून होऊन लटकत असेल, तर ते आज तोडू नका. चांगलं वाळू द्या आणि मग त्यानं एक कढई घासून पाहा. आणि जमलं तर यंदाच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांना घेऊन बोअरचं पाणी तपासून घ्या.